टाकाऊ उपकरणांतील बिनतारी संपर्क

एकदा वापरून टाकून द्यायच्या, परंतु मोबाइल फोनशी जोडल्या जाणाऱ्या अल्पमोली उपकरणांत कोणते बिनतारी तंत्रज्ञान योजावे, हा त्यांच्या रचनेतील कळीचा निर्णय होय. निवड फोनमध्ये आधीपासून असलेल्या सोयींपुरतीच राहते. म्हणून झिगबी बाद होते. वाय-फाय असते, पण प्रक्षेपणाच्या क्षणी त्याला लागणारा प्रवाह लहान बटण सेलला पेलत नाही. उरतात मुख्यत्वे दोन: एनएफसी आणि ब्लूटूथ लो एनर्जी.

एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्‌झवर, काही सेंटीमीटर अंतरात चालते. चिपला फोनच्या चुंबकीय क्षेत्रातूनच ऊर्जा मिळत असल्याने केवळ साठवलेली माहिती द्यायची असल्यास बॅटरीही लागत नाही. मात्र अनेक स्वस्त अँड्रॉइड फोनांत ही सोय नसते, आणि आयफोनवर इतरांच्या अ‍ॅपना टॅग वाचण्याची मुभा २०१७ मध्ये, आयओएस ११ पासून मिळाली. ब्लूटूथ लो एनर्जी (२०१०, ब्लूटूथ ४.०) जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असते व काही मीटरपर्यंत पोहोचते, पण रेडिओ, स्फटिक आणि सेल यांचा खर्च प्रत्येक नगावर पडतो.

== उदाहरण: ग्लुकोज संवेदक ==

या निवडीचा परिणाम मधुमेहींच्या दंडावरील संवेदकांत स्पष्ट दिसतो. अ‍ॅबटचा १४ दिवस चालणारा फ्रीस्टाइल लिब्रे २०१४ मध्ये युरोपात आला. त्याचे मापन आतल्या सेलवर चाले, परंतु वाचन एनएफसीने होई. संवेदकात ८ तासांचीच नोंद राहत असल्याने त्याहून अधिक काळ स्कॅन न केल्यास मधली माहिती हरवे. खरी उणीव याहून गंभीर होती. झोपेत साखर धोकादायकरीत्या खाली गेली, तरी फोन जवळ नेईपर्यंत संवेदक मूकच राहणार. २०१८ मध्ये युरोपात मान्यता मिळालेल्या लिब्रे २ मध्ये इशाऱ्यासाठी ब्लूटूथ आले; लिब्रे ३ दर मिनिटाला मोजमाप आपणहून पाठवतो.

तरीही एनएफसी हद्दपार झाले नाही. संवेदक सुरू करण्यासाठी फोन एकदा टेकवावाच लागतो. याचा लाभ दुहेरी आहे: दुकानात पडून असलेल्या नगाचा रेडिओ बंद राहून सेल वाचतो, आणि शेजारी अनेक संवेदक असले तरी नेमका कोणता जोडायचा याचा घोळ होत नाही.

== कचरा ==

बॅटरीविरहित एनएफसी टॅग टाकताना सेलचा प्रश्न उद्भवत नाही. ब्लूटूथ उपकरणासोबत मात्र दर वेळी एक सेल कचऱ्यात जातो, आणि सीलबंद कवचातून तो वेगळा काढणे सहसा शक्य नसते.