काठावरच्या पेशींसाठी

मेंदूतल्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी नष्ट होतात. अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी 2006 मध्ये मांडलेला हा हिशोब आहे. मात्र सगळ्या पेशी एकदम मरत नाहीत. ज्या भागाचा रक्तपुरवठा जवळजवळ पूर्ण तुटतो, तो काही मिनिटांत निकामी होतो. त्याच्या भोवतीच्या पट्ट्यात शेजारच्या वाहिन्यांतून थोडे रक्त पोचत असते. तिथल्या पेशींचे काम बंद पडलेले असते, पण त्या जिवंत असतात. पक्षाघातानंतरची सगळी धडपड या काठावरच्या पेशींसाठी चालते.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठ्या वाहिनीतली गुठळी कॅथेटरने ओढून काढणे निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत शक्य होते. हे उपचार रक्ताची वाट मोकळी करतात. पण तोवर पेशींच्या आत पडझड सुरू झालेली असते. पेशींबाहेर ग्लुटामेट हे चेतारसायन बेसुमार साठते, कॅल्शियम आत घुसते, पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया कोलमडतात, दाह भडकतो. यातला एखादाच टप्पा अडवणारी अनेक औषधे प्राण्यांमध्ये यशस्वी झाली आणि माणसांत फसली. एक वाट अडवली तरी ऱ्हासाला बाकीच्या वाटा मोकळ्या राहतात.

म्हणूनच संशोधकांचे लक्ष मायक्रोआरएनएकडे गेले. जेमतेम 22 अक्षरांचे हे रेणू स्वतः प्रथिने घडवत नाहीत. ते जनुकाचा निरोप नेणाऱ्या संदेशवाहक आरएनएला चिकटतात आणि प्रथिननिर्मिती रोखतात. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन यांनी 1993 मध्ये मिलिमीटरभर लांबीच्या सूत्रकृमीत ही यंत्रणा उलगडली. त्यासाठी त्यांना 2024 चे नोबेल मिळाले. असा एकच रेणू शेकडो जनुकांवर अंकुश ठेवू शकतो.

एमआयआर-181ए हे त्याचे ठळक उदाहरण. स्टॅनफर्ड विद्यापीठातील रोना गिफर्ड यांच्या गटाला उंदरांच्या मेंदूत, रक्तपुरवठा तुटलेल्या गाभ्यात, त्याचे प्रमाण वाढलेले दिसले. पेशीला तगवणाऱ्या बीसीएल-2 आणि जीआरपी-78 या प्रथिनांना तो दाबतो. त्याला निष्प्रभ करणारा प्रतिरेणू दिल्यावर मेंदूची हानी घटली, आणि तो आघातानंतर देऊनही फायदा झाला. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात मायकेल चॉप यांच्या गटाने दुरुस्तीची बाजू तपासली. मूळपेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पुटिकांतून एमआयआर-133बी मेंदूत पोचला, तेव्हा उंदीरवर्गातील प्राण्यांत चेतातंतूंची वाढ सुधारली.

पण शेकडो जनुकांवरची हीच पकड धोक्याचीही आहे. कर्करोगासाठी बनवलेल्या एमआरएक्स-34 या मायक्रोआरएनए औषधाची मानवी चाचणी 2016 मध्ये प्रतिकारसंस्थेच्या गंभीर दुष्परिणामांमुळे थांबवावी लागली. शिवाय रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर ओलांडून औषध नेमक्या पेशींपर्यंत पोचवायला हवे, आणि तेही वेळेत. तरुण, निरोगी उंदरात जमलेली गोष्ट रक्तदाब आणि मधुमेह असलेल्या सत्तरीच्या रुग्णात जमेलच असे नाही.

तरीही ही दिशा मोलाची वाटते, कारण ती रुग्णासाठी वेळ मागते. गुठळी निघेपर्यंत काठावरच्या पेशी आणखी काही तास तगल्या, तर लांबच्या गावातून येणाऱ्या रुग्णालाही संधी मिळेल. असे औषध येईपर्यंत हा वेळ आपल्यालाच वाचवावा लागेल. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, तर सकाळपर्यंत वाट न पाहता 108 ला फोन करावा आणि रुग्णाला सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावे.