सॅफो विकाराच्या निदानात अस्थिचित्रणाचे स्थान

उरोस्थी व जत्रुकास्थी यांच्या सांध्यांपाशी दीर्घकाळ वेदना व सूज असणाऱ्या रोग्याविषयी क्षयाची वा कर्करोगाची शंका प्रथम येणे स्वाभाविक आहे. तथापि क्वचित या लक्षणांच्या मुळाशी ‘सॅफो’ हा विरळा विकार असतो. सांधे, अस्थी व त्वचा यांच्या दाहाने युक्त अशा या विकारास फ्रेंच वैद्यांनी १९८७ साली हे नाव दिले. तळहात-तळपायांवरील पूययुक्त पुटकुळ्या काही रोग्यांत मुळीच नसतात. त्यामुळे निदान लांबते.

अस्थिचित्रणासाठी टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सर्गी द्रव्य फॉस्फोनेट संयुगाच्या रूपाने शिरेतून देतात. जेथे अस्थीची नवनिर्मिती वेगाने चालते, तेथे ते अधिक साठते. दोन ते चार तासांनी गॅमा कॅमेऱ्याने चित्र घेतले असता सॅफोमध्ये उरोस्थीचा वरचा भाग व जत्रुकांचे सांधे उजळून शिंगांसह बैलाच्या मस्तकाची आकृती दिसते. ही खूण सर्वत्र आढळत नाही. आढळल्यास मात्र ती फार सूचक होय.

या द्रव्याचे अर्धायुष्य सुमारे ६ तासांचेच असते. म्हणून नाशिकच्या गंगापूर रोडवरील एखाद्या रुग्णालयास ते साठवून ठेवता येणार नाही. सुमारे ६६ तास अर्धायुष्य असलेल्या मॉलिब्डेनम-९९चे जनित्र आणून त्यातून ते वेळोवेळी काढून घेणे, हाच व्यवहार्य मार्ग होय.

केवळ चित्रावरून निर्णय करणे मात्र युक्त नव्हे. जंतुसंसर्ग व अर्बुद यांचा निरास आवश्यकच असतो. परंतु ही खूण वेळीच ओळखली गेल्यास पुनःपुन्हा होणारी ऊतकपरीक्षा व क्षयावरील अनावश्यक औषधे यांतून रोग्याची सुटका होऊ शकते.