चाप ओढण्याआधीचे दोन तास

३१ जुलै २०२३, सोमवार. जयपूर–मुंबई सेंट्रल सुपरफास्ट पहाटे तीनच्या आसपास सुरतेहून निघाली, तेव्हा तिच्यात रेल्वे सुरक्षा दलाची चार जणांची तुकडी पहाऱ्यावर होती. पाचच्या सुमारास पालघर मागे पडत असताना धावत्या गाडीत दलाच्याच रायफलीतून गोळ्या सुटल्या. सहायक उपनिरीक्षक टिकाराम मीणा आणि तीन प्रवासी ठार झाले. मीरा रोड–दहिसरच्या दरम्यान पकडला गेला तो त्याच तुकडीतला शिपाई.

बोईसर-पालघरकडच्या लोकांना ही घटना आठवते ती त्या गोळ्यांमुळे. मला मात्र त्याआधीच्या दोन तासांनी झपाटले आहे. तुकडीतल्या सहकाऱ्याने दिलेल्या फिर्यादीत ते जवळपास पायरीपायरीने नोंदलेले आहेत. गाडी सुटल्यावर थोड्याच वेळात तो शिपाई म्हणाला, बरे वाटत नाही, वलसाडला उतरू द्या. मीणांनी वरिष्ठांशी बोलणे केले. मुंबईपर्यंत ड्यूटी पुरी करावी, असे उत्तर आले. मग त्याला जरा पडायला सांगितले आणि त्याची रायफल सहकाऱ्याने स्वतःजवळ ठेवली. काही वेळाने तो उठला, रायफल मागू लागला, सहकाऱ्याचा गळा धरला आणि झटापटीत चुकून सहकाऱ्याचीच रायफल घेऊन गेला. चूक ध्यानात आणून दिल्यावर ती त्याने परत केली आणि स्वतःची घेतली.

म्हणजे त्या रात्री काही काळ शस्त्र त्याच्या हातात नव्हते! आणि ते पुन्हा त्याच्या हाती गेले, कारण ते त्याच्यापासून दूर ठेवण्याचा ठाम नियम, ठाम अधिकार त्या डब्यात कुणापाशीच नव्हता.

खटला न्यायालयात आहे. खुनाबरोबरच धर्मावरून शत्रुत्व पसरवल्याचे कलमही आरोपीवर लावलेले आहे, त्यामुळे सगळे काही ‘आजारा’च्या खात्यावर टाकून मोकळे होता येणार नाही. नेमके इथेच अमेरिकेतले ‘रेड फ्लॅग’ कायदे मला विलक्षण वाटतात. माणसाला कोणता आजार आहे, हे ते विचारत नाहीत. त्याने कोणता गुन्हा केला, हेही विचारत नाहीत. या घडीला या हातात बंदूक धोक्याची आहे का, एवढेच विचारतात. घरचे माणूस किंवा पोलीस अर्ज करतात. न्यायाधीशाला पटले तर बंदूक थोड्या दिवसांसाठी काढून घेतली जाते. मग सुनावणी होते, मालक आपली बाजू मांडतो आणि आदेश साधारण वर्षभरापर्यंत वाढतो किंवा रद्द होतो. हे सारे दिवाणी काम. ना अटक, ना गुन्ह्याचा शिक्का.

तारापूरच्या अणुवीज केंद्रात काम केलेल्या कुणालाही यातले तत्त्व चटकन कळेल. एखादे मोजमाप मर्यादेबाहेर गेले की अणुभट्टी आधी ट्रिप होते. बिघाड खरा होता की मोजणीतली चूक, हे नंतर तपासायचे.

असा पहिला कायदा कनेक्टिकटने १९९९ मध्ये केला. आदल्या वर्षी तिथल्या लॉटरीच्या मुख्यालयात एका कर्मचाऱ्याने चार वरिष्ठांना गोळ्या घातल्या होत्या. आज वीसहून अधिक राज्यांत असे कायदे आहेत. ड्यूक विद्यापीठाच्या जेफ्री स्वान्सन यांनी कनेक्टिकटमधली शेकडो प्रकरणे तपासली, तेव्हा त्यांच्या अंदाजाने दर दहा ते वीस जप्त्यांमागे एक आत्महत्या टळली होती. कायदा आला दुसऱ्यांचे जीव वाचवायला आणि त्याने वाचवले बंदुकीच्या मालकांना! याचे कारणही समजण्याजोगे आहे. मरणाची वा मारण्याची ती अनावर लाट पुष्कळदा ओसरते, पण बंदुकीने केलेल्या दहा आत्महत्येच्या प्रयत्नांपैकी नऊच्या आसपास जीव घेऊनच थांबतात. लाट ओसरेपर्यंत बंदूक हाताशी नसणे, एवढ्यानेच एक माणूस उरतो.

आता त्याहून नवलाची गोष्ट. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम २२ काढून वाचा. एखाद्याच्या ताब्यात शस्त्र राहू देणे सार्वजनिक शांततेला किंवा सुरक्षिततेला धोक्याचे आहे, असे मानायला दंडाधिकाऱ्याला कारण असेल, तर ते कारण नोंदवून तो शस्त्र जप्त करवू शकतो आणि त्याला आवश्यक वाटेल तितका काळ ठेवून घेऊ शकतो. परवाना अगदी कायदेशीर असला तरी! कनेक्टिकटच्या चाळीस वर्षे आधी हे आपल्या कायद्यात छापलेले आहे. कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्दही करता येतो. निवडणूक लागली की परवानाधारकांची छाननी होते आणि कितीतरी जणांची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा होतात, हेही आपण दर वेळी पाहतो. गुन्हा घडण्याआधी शस्त्र बाजूला काढणे आपल्याला नवे नाही. उणीव आहे ती दुसरीकडे. घरच्यांनी कुठे, कसा अर्ज करायचा आणि त्यावर किती दिवसांत सुनावणी व्हायची, याची वाट कायद्याने आखून दिलेली नाही.

आणि पालघरची रायफल तर या कायद्याच्या कक्षेतच नव्हती. कलम ४५ प्रमाणे सरकारी सेवक कर्तव्यावर बाळगतो त्या शस्त्राला हा अधिनियम लागू होत नाही. तिथे निर्णय दलाचा, म्हणजे बहुतेक वेळा फोनच्या पलीकडच्या अधिकाऱ्याचा. तारापूरवर पहारा देणाऱ्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने ८ ऑक्टोबर २०१४ रोजी कल्पाक्कमला स्वतःच्याच हवालदाराच्या गोळ्यांनी तीन जवान गमावले होते. म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. पहाऱ्यावरचा जवान ‘बरे नाही’ म्हणाला किंवा सहकाऱ्याच्या अंगावर गेला, की त्याचे शस्त्र पुढच्या स्थानकावर जमा व्हावे. चौकशी मागाहून. आणि जो स्वतःहून सांगेल त्याच्या पगारावर, बढतीवर, सेवापुस्तकावर त्याचा डाग पडू नये. नाहीतर पुढच्या वेळी कुणी तोंडच उघडणार नाही.

तुमच्या घरात किंवा शेजारी परवान्याची बंदूक असेल आणि ती बाळगणारा माणूस धमक्या देऊ लागला असेल, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलत असेल, तर थांबू नका. धोका समोर उभा असेल तर ११२ लावा. एरवी पोलीस ठाण्याला आणि परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी कळवा. बोईसर, तारापूर, डहाणूकडच्यांसाठी तो अधिकारी म्हणजे पालघरचे जिल्हादंडाधिकारी. वसई-विरारकरांसाठी पोलीस आयुक्त. काय घडले, कधी घडले, कुणासमोर घडले ते साध्या कागदावर लिहा, कलम १७ आणि २२ चा उल्लेख करा आणि पोच घ्या. त्यासाठी वकील लागत नाही.