सुटा जीपीएस कॉकपिटमध्ये लावायचा कुठे?

लातूरच्या धावपट्टीवरून पश्चिमेला निघालेल्या छोट्या विमानाला खालच्या खुणा पुरतात: बार्शी रस्त्यावरचं मुरुड, उत्तरेला मांजरा, दक्षिणेला तेरणा. ढग खाली उतरले की मात्र नजर सुट्या जीपीएसकडे वळते.

सक्शन कपने काचेवर चिकटवणं सर्वांत सोपं. पण मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या उन्हात ही पकड सैलावते आणि हवेतल्या पहिल्याच हिसक्याला यंत्र मांडीवर येतं. शिवाय समोरून येणारं विमान त्याच्या आड दडू शकतं. उन्हात तापलेलं यंत्र स्वतःहून बंद पडतं, ते वेगळंच.

योकला, म्हणजे विमान वळवायच्या चाकाला, क्लॅम्प लावणं त्याहून बरं. मात्र उड्डाणापूर्वी योक डावी-उजवीकडे पूर्ण फिरवून, पुढे-मागे सरकवून बघायलाच हवा. चार्जिंगची केबल कुठे अडकली तर विमान वळवणंच अवघड होईल. चुंबकी होल्डर तर होकायंत्राजवळ नकोच, सुई भरकटते. अँटेनाला मोकळं आकाश दिसलं पाहिजे, हेही आलंच.

असा जीपीएस प्रमाणित उपकरण नसतो. ढगातल्या उड्डाणात केवळ त्याच्या भरवशावर दिशा ठरवता येत नाही.

आणि त्याच्याशिवायही जमतं. जेआरडी टाटांच्या 1932च्या टपाल उड्डाणाची आठवण म्हणून मुंबईच्या आरोही पंडित यांनी 15 ऑक्टोबर 2021 रोजी भुज ते जुहू हे अंतर अहमदाबादमार्गे हलक्या विमानाने कापलं, तेही जीपीएस न वापरता.