ऐकू येणाऱ्या मुलांची पंचवीस वर्षं

एप्रिल २००० मध्ये अमेरिकेत डलासच्या टेक्सास विद्यापीठात १४ ज्येष्ठ संशोधक आणि श्रवणतज्ज्ञ एकत्र बसले. कान चांगले असूनही ज्यांना ऐकलेलं उमगत नाही अशा शाळकरी मुलांचं निदान कसं करायचं, एवढाच विषय होता. जेम्स जर्गर आणि फ्रँक म्युझिक यांनी बैठकीचा अहवाल लिहिला आणि आमच्या पिढीच्या ऑडिओलॉजिस्टांना पाय रोवायला जागा मिळाली. त्याला आता पंचवीस वर्षं उलटली. तेवढंच निमित्त असतं तर हा मागोवा मी जरा शांतपणे लिहिला असता. पण गेल्या वर्षी मुंबईतल्या एका शाळेनं माझ्याकडच्या चौथीतल्या मुलाला पुढच्या बाकावर बसवायला नकार दिला आणि कारण लेखी दिलं: नव्या संशोधनानुसार असा श्रवणविकार नसतो, मुलाचं लक्ष नसतं, पालकांनी घरी लक्ष घालावं. ते नवं संशोधन प्रसिद्ध झाल्यापासून मी वाचत आले आहे. त्यात असं कुठंही म्हटलेलं नाही.

ही मुलं कोण, ते आधी सांगते. साउंडप्रूफ खोलीत हेडफोन लावून अगदी बारीक आवाज सोडला तरी ती बटण दाबतात. ऑडिओग्राम नॉर्मल. घरी आईशी एकट्यानं बोलताना कसलीच अडचण नाही. वर्गात मात्र बाई म्हणतात, "वही काढा, पान बारा, तिसरा प्रश्न," आणि हे मूल शेजाऱ्याच्या वहीत बघतं. श्रुतलेखनात 'पाठ'चा 'पाट' होतो, 'घडा'चा 'गडा' होतो. लग्नाच्या हॉलमध्ये, लोकलमध्ये, टीव्ही लावलेल्या घरात ते "काय? काय?" करत राहतं आणि थोड्या वर्षांनी तेही विचारायचं सोडून देतं. गिरगावापासून डोंबिवलीपर्यंतच्या आयांनी मला एकच वाक्य सांगितलं आहे: "ऐकू येतं हो मॅडम त्याला, पण कळत नाही." इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही.

मेंदूतल्या ऐकण्याकडे वैद्यकाचं लक्ष गेलं ते १९५४ च्या सुमारास. मिलानमध्ये एत्तोरे बोक्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेम्पोरल लोबमध्ये गाठ असलेले रुग्ण तपासले. साध्या तपासणीत दोन्ही कान ठीक निघत. मुद्दाम अस्पष्ट केलेलं बोलणं ऐकवलं, की गाठीच्या विरुद्ध बाजूचा कान मागे पडे. १९६१ मध्ये माँट्रियलला डोरीन किमुरा यांनी दोन कानांत एकाच क्षणी वेगवेगळे अंक ऐकवले आणि बहुतेकांचा उजवा कान सरस ठरला. उजव्या कानाची वाट प्रामुख्यानं डाव्या मेंदूकडे जाते आणि भाषा बहुतेकांची तिथंच असते. डाव्या कानातलं बोलणं आधी उजव्या मेंदूत पोचतं आणि दोन अर्धांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोझमवरून पलीकडे जातं. तो जोड मुलांमध्ये सावकाश, किशोरवयापर्यंत पक्का होत असतो. म्हणून सहा-सात वर्षांच्या मुलाचा डावा कान या चाचणीत कच्चा निघाला तर आम्ही थांबतो, आणि बारा वर्षांच्या मुलाचा तसाच निघाला तर काळजी करतो. १९७१ मध्ये ज्यूएट आणि विलिस्टन यांनी आवाज कानात शिरल्यापासून दहा मिलिसेकंदांत मेंदूच्या खोडातून वर चढणाऱ्या लहरी नीट नोंदवल्या. आपल्याकडचे पालक आज जिला 'बेरा' म्हणतात ती तपासणी त्यातून आली. त्यापुढची वीस-पंचवीस वर्षं मी ओलांडून जाते. विकाराला काय म्हणायचं आणि तो कोणत्या शाखेचा, यावरचे वाद त्या काळात जमले. विद्यार्थिनी असताना ते मी पाठ केले आणि एकाही मुलासाठी ते मला उपयोगी पडले नाहीत.

डलासनंतरची दहा वर्षं मात्र मी तपासणीच्या खोलीत जगले. त्या आधी असं मूल आलं की ईएनटीच्या चिठ्ठीवर 'श्रवण नॉर्मल, मूल चंचल' एवढं लिहिलेलं असे. ते लिहिणारे काही डॉक्टर नंतर परिषदांमध्ये व्यासपीठावरून या मुलांबद्दल कळवळून बोलताना मी ऐकले. त्यांनी परत पाठवलेली मुलं तोवर दहावी नापास होऊन बसली होती. हे मी विसरलेले नाही.

त्या दशकात आमच्याकडे वेळ होता. एका मुलामागे दोन-दोन बैठका, मधे खाऊची सुट्टी, मूल थकलं की उरलेलं पुढच्या आठवड्यात. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत आशा यथिराज आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय मुलांसाठी चाळणीचे प्रश्न आणि चाचण्या तयार केल्या होत्या. त्यांच्यामुळे आम्हालाही मराठीत काही करावंसं वाटलं. इंग्रजीच्या अंकचाचणीत सातचा अंक वगळतात, कारण त्या भाषेत तो दोन अक्षरांचा आहे आणि बाकीचे एका अक्षरात संपतात. मराठीत सात चालतो. सहा, नऊ आणि दहा बाहेर ठेवावे लागतात. एक, दोन, तीन, चार, पाच, सात, आठ. हे सात शब्द एकाच आवाजात, एकाच लांबीचे, दोन कानांत अगदी एकाच क्षणी सुरू होतील असे बसवायला किती संध्याकाळी गेल्या असतील! शिवाय मराठीत ट-ठ, ग-घ, द-ध यांचा भेद सेकंदाच्या काही शतांश भागांत तोलला जातो, त्यामुळे परदेशी शब्दयाद्या इथं कामाच्या नव्हत्या. पदव्युत्तर प्रबंधांसाठी मुलामुलींनी जीव तोडून मराठी याद्या केल्या, रेकॉर्ड केल्या, शेकडो निरोगी मुलांवर तपासल्या. पदवी मिळाली आणि त्या सीडी कपाटात गेल्या. आज नव्या दवाखान्यांमध्ये परदेशी सॉफ्टवेअर असतं, अमेरिकी उच्चारातले शब्द असतात आणि लालबागचं मूल त्यावर नापास होतं. हे पाहताना मला राग येतो.

त्याच काळात सिडनीच्या राष्ट्रीय ध्वनिकी प्रयोगशाळेतून शॅरन कॅमेरॉन आणि हार्वे डिलन यांचं काम आलं. या साऱ्या विषयात मला सर्वांत भक्कम वाटलेलं काम तेच. आवाज कुठून येतो हे मेंदू दोन कानांमधल्या वेळेच्या फरकावरून ओळखतो, आणि सेकंदाच्या लाखाव्या भागाएवढा फरकही त्याला पुरतो. खोडातल्या ज्या केंद्रात दोन्ही कानांकडचे संदेश पहिल्यांदा भेटतात तिथं ही तुलना होते. तिच्या जोरावरच आपण समोरच्या बाईंचा आवाज उचलतो आणि बाजूच्या बाकावरची कुजबुज मागे ठेवतो. सिडनीच्या चाचणीत वाक्यं सांगणारा आवाज समोरून येतो, गोंगाट कधी समोरून तर कधी दोन्ही बाजूंनी. गोंगाट बाजूला गेला तरी ज्या मुलांना फायदा होत नाही त्यांच्यात लहानपणी वारंवार कान फुटलेली, पडद्यामागे पाणी साठलेली मुलं बरीच सापडली. कान पुढे बरा झाला, पण मेंदूची तुलना करायची सवय घडायच्या वयातच दोन्ही कानांकडून येणारी माहिती बिघडलेली होती. नेमक्या सरावानं ही उणीव भरून येते हेही त्यांनी दाखवलं. पावसाळ्यात कान वाहतो, त्यात तेल सोडायचं आणि गप्प बसायचं, अशी पद्धत ज्या घरांमध्ये आहे तिथं हे पोचायला हवं होतं. पोचलं नाही.

पोचली ती दुसरीच गोष्ट. १९९६ मध्ये पॉला तल्लाल आणि मायकल मर्झेनिक यांच्या गटानं 'सायन्स'मध्ये लिहिलं, की बोलण्यातले झपाट्यानं बदलणारे ध्वनी लांबवून आणि ठळक करून संगणकावर खेळवले तर भाषेत मागे पडलेली मुलं पुढे सरकतात. विचार अभ्यासपूर्ण होता. त्यातून जे बाजारात आलं त्याची जाहिरात मात्र पुराव्याच्या फार पुढे धावली. २०११ मध्ये चांगल्या प्रतीच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला, तेव्हा भाषा किंवा वाचन त्यामुळे सुधारतं याला आधार मिळाला नाही. तोवर मेंदूच्या व्यायामाची नाना पॅकेजेस घेऊन एजंट आमच्याही शहरात फिरून गेले होते. पीएफमधून पैसे काढून ती विकत घेणारे आईबाप मी पाहिले. आज तीच पॅकेजेस मोबाइलवर आली आहेत, नाव बदलून.

डिसेंबर २००७ मध्ये 'तारे ज़मीन पर' आला. अक्षरं उलटी दिसणाऱ्या मुलाला सारा देश ओळखू लागला. महाराष्ट्रात अध्ययन-अक्षमतेच्या मुलांना परीक्षेत सवलती १९९६ पासूनच होत्या. सिनेमानंतर त्या मागायला पालकांना लाज वाटेनाशी झाली. मला मनापासून आनंद झाला होता. आमच्या मुलांच्या वाट्याला असा सिनेमा आला नाही. त्यांची अडचण पडद्यावर दाखवताच येत नाही, कारण ती दिसत नाही.

मग २०१० उजाडलं. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या डेव्हिड मूर यांच्या गटानं ६ ते ११ वर्षांची सुमारे दीड हजार मुलं तपासली. गोंगाटात ऐकताना ज्यांची तारांबळ उडते त्यांच्या अडचणीचं नातं ध्वनीतले बारीक फरक ओळखण्याशी फारसं जुळत नव्हतं. लक्ष आणि स्मरण यांच्याशी अधिक जुळत होतं. तीन वर्षांनी ऑस्ट्रेलियातून विल्सन आणि अर्नॉट यांनी आणखी एक गोष्ट पुढं आणली. १५० मुलांच्या त्याच चाचण्यांवर जगात प्रचलित असलेले नऊ निकष लावले, तर विकार असलेल्या मुलांचं प्रमाण एका निकषानं ७.३ टक्के येतं आणि दुसऱ्यानं ९६ टक्के. हे दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत. आमच्या शाखेनं निकष सैल ठेवले होते आणि तिला हे ऐकवणं भाग होतं. पण त्यातून लोकांनी काय उचललं? 'अडचण लक्षाची आहे' याचा अर्थ आपल्याकडे 'मूल आळशी आहे' असा लावला गेला. मूर यांनी मुलांची अडचण खोटी असल्याचं कधीच म्हटलं नाही. उलट, कारण अजून ठरत नसेल तर निदान 'ऐकण्यातली अडचण' असं साधं नाव तरी ठेवावं, म्हणजे मुलाला मदत मिळेल, हा त्यामागचा हेतू होता. मदत नाकारण्यासाठी त्याच नावाचा वापर होतो आहे.

आणि लक्ष म्हणजे कानापासून तुटलेली कुठली वेगळी वस्तू आहे का? २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला नीमा मेसगरानी आणि एडवर्ड चँग यांनी अपस्माराच्या शस्त्रक्रियेसाठी मेंदूवर इलेक्ट्रोड ठेवलेल्या रुग्णांना दोन माणसांचं बोलणं एकत्र ऐकवलं. ज्याच्याकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं, त्याच्याच बोलण्याचं चित्र श्रवणाच्या उच्च केंद्रात उमटलं. दुसरा जवळजवळ पुसला गेला. म्हणजे निवड ऐकण्याच्या आतच होते. मेंदूकडून खाली, थेट कानातल्या कॉक्लियापर्यंत जाणारे मज्जातंतूही आहेत. पुढे सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात मूर आणि हॅना स्ट्युअर्ट यांच्या गटानं अशा मुलांच्या मेंदूचे स्कॅन केले. ध्वनी प्रथम पोचतो त्या भागात त्यांना फरक आढळला नाही. बोलण्याचा अर्थ लावणाऱ्या भागांच्या जोडण्यांत आढळला. माझ्या खोलीतली आई हेच सांगत होती.

अडचण खोडात असो, कॉर्पस कॅलोझमवर असो की लक्षाच्या पातळीवर, बाईंचा आवाज गोंगाटापेक्षा पुरेसा वर ठेवणं हा उपाय तिन्ही ठिकाणी लागू पडतो. हा फरक १५ डेसिबलचा असावा असं वर्गांसाठी सांगितलं जातं. अमेरिकेनं २००२ मध्ये मानक केलं: रिकाम्या वर्गात ३५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज नको, आणि मध्यम आकाराच्या वर्गात घुमण्याचा काळ ०.६ सेकंदाच्या आत हवा. आपल्याकडे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शाळेभोवती १०० मीटरचं शांतताक्षेत्र आखता येतं आणि त्यात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. फाटकावर पाटी लावली जाते आणि बाहेर हॉर्न वाजत राहतात. वर्गात गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, खडखडणारा पंखा, साठ मुलं. भिंतीला जाड सुती पडदे, बाकांच्या पायांना रबर, पंख्याला तेलपाणी, बाईंच्या गळ्यात छोटा माइक आणि मुलाच्या कानाशी रिसीव्हर. याला मेंदूविज्ञानातल्या कुठल्याही वादाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याची गरज नाही.

कायद्याचं म्हणाल तर १९९५ च्या कायद्यात श्रवणदोष म्हणजे चांगल्या कानात ६० डेसिबल किंवा अधिक तूट. २०१६ च्या कायद्यातही कमी ऐकू येण्याची रेषा दोन्ही कानांत ६० डेसिबलवरच सुरू होते. त्या दारातून ही मुलं आत जाऊ शकत नाहीत. पण त्याच कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेची जी व्याख्या आहे तिच्यात बोललेली भाषा हाताळण्यातली आणि समजून घेण्यातली उणीव आणि ज्ञानेंद्रियांनी आलेल्या माहितीचा अर्थ लावण्यातली अक्षमता स्पष्ट शब्दांत आली आहे. या अक्षमतेच्या प्रमाणपत्राच्या वेळी कानाची तपासणी होते ती मूल बहिरं नाही ना, एवढं पाहण्यापुरती. तिथं गोंगाटात ऐकण्याची आणि दोन्ही कानांची एक-एक मराठी चाचणी जोडायला नवा कायदा लागत नाही. शिक्षण आणि आरोग्य विभागांनी एकत्र काढलेला एक शासन निर्णय पुरे. चाचण्या आमच्या महाविद्यालयांच्या कपाटांत आहेत. सीडी वाचणारी यंत्रं मिळतात तोवर त्या बाहेर काढाव्यात.