नाहीशी झालेली सीमारेषा

संगणकाची कळ दाबावी, आतील पंखा फिरू लागावा आणि नेहमीच्या चित्राऐवजी पडद्यावर ‘सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही’ अशा अर्थाची एकच ओळ उमटावी, हा अनुभव अनेकांना आला असेल. डिस्कवरील पार्टिशन, म्हणजे तिचे विभाग, बदलत असता चुकीचा विभाग पुसला गेला की असे घडू शकते. वर्षानुवर्षांचे हिशेब, छायाचित्रे, हस्तलिखिते नाहीशी झाली अशा समजुतीने मनुष्य हवालदिल होतो. वस्तुतः ती बहुधा जागच्या जागी असतात. खरी हानी होते ती त्यानंतरच्या उतावळेपणामुळे.

हे कसे, ते समजून घेण्यासाठी संगणक जागा कसा होतो ते पाहू. वीज मिळताच मुख्य फलकावरील कायम स्मृतीत साठवलेली एक लहान आज्ञावली काम सुरू करते. जुन्या पद्धतीत ती डिस्कचा पहिला सेक्टर वाचते. हा सेक्टर अवघा ५१२ बाइटांचा असतो. त्यातील ४४६ बाइट प्रारंभीच्या आज्ञांसाठी, ६४ बाइट विभागांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट ओळखचिन्हासाठी राखलेले असतात. तक्त्यात केवळ चार नोंदी मावतात. विभाग कोठे सुरू होतो आणि त्यात किती सेक्टर आहेत, ही त्यांतील मुख्य माहिती होय. १९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटी या संगणकाबरोबर ही रचना प्रचारात आली; त्याची हार्ड डिस्क १० मेगाबाइटांची होती.

गावच्या जमिनीचे दप्तर जळाले, तरी शेते नाहीशी होत नाहीत; कोणते शेत कोठून कोठवर, एवढेच सांगता येत नाही. तक्ता बिघडला असता डिस्कची हीच अवस्था होते. जाणता मोजणीदार मात्र बांध आणि सीमेचे दगड पाहून नकाशा पुन्हा आखू शकतो.

डिस्कवरही असे दगड असतात. प्रत्येक विभागाच्या आरंभी त्याच्या रचनेचे विशिष्ट चिन्ह असते. विंडोजमधील एनटीएफएस रचनेत आरंभीच्या सेक्टरची एक प्रत विभागाच्या शेवटी ठेवलेली असते. लिनक्समधील एक्स्ट रचना आपल्या मुख्य नोंदीच्या प्रती ठिकठिकाणी राखते. नव्या जीपीटी पद्धतीत तर संपूर्ण तक्त्याचीच दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस असते.

आता उपायांचा क्रम पाहू. पहिला नियम असा, की बिघडलेल्या डिस्कवर काहीही लिहू नये. ‘डिस्क फॉरमॅट करावयाची काय?’ असे संगणकाने विचारल्यास नकार द्यावा. कार्यप्रणाली पुन्हा बसवू नये. संगणक यूएसबीवरील दुसऱ्या कार्यप्रणालीने सुरू करून, तेवढ्याच किंवा अधिक क्षमतेच्या वेगळ्या डिस्कवर मूळ डिस्कची सेक्टरमागून सेक्टर अशी नक्कल घ्यावी. पुढील सर्व प्रयोग नकलेवर करावेत. त्यानंतर टेस्टडिस्कसारख्या विनामूल्य आज्ञावलीने विभागांच्या खुणा शोधाव्यात. सापडलेल्या विभागातील फायलींची यादी आधी उघडून पाहावी, महत्त्वाच्या फायली अन्यत्र उतरवून घ्याव्यात, आणि मगच नवा तक्ता लिहावा. संगणक सुरू करून देणाऱ्या आज्ञावलीची दुरुस्ती सर्वांत शेवटी करावी. तिच्यावाचून संगणक सुरू होत नसला, तरी फायलींना धोका नसतो.

या उपायांना मर्यादाही आहेत. विभाग सरकवण्याचे काम अर्ध्यावर थांबले असेल, तर आतील मजकुराचीच सरमिसळ झालेली असते. एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्ये विभाग फॉरमॅट करताच त्यातील मजकूर कायमचा पुसला जाण्याचा संभव असतो. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर बिघाड तक्त्यात नसून यंत्रात आहे असे समजून वीज तत्काळ बंद करावी व डिस्क तज्ज्ञाच्या स्वाधीन करावी.

विभागांना हात लावण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत निराळ्या डिस्कवर ठेवावी, आणि प्रत्येक विभागाचा पहिला व शेवटचा सेक्टर कागदावर टिपून ठेवावा. पुढे तक्ता बिघडलाच, तर हे चार आकडे तासन्‌तासांचा शोध वाचवतात.