घरबसल्या कामाचं मोल

शीळफाट्याला संध्याकाळी सात वाजता अडकलेल्या माणसानं घड्याळाकडे बघू नये. कल्याणकडून येणारे, पनवेलला निघालेले, महापेकडे वळणारे, सगळे तिथेच एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे! अशाच एका संध्याकाळी मी आणि शेजारच्या वहिनी रिक्षात बसलो होतो. वहिनींनी तीन फूट बाय चार फुटांचं चित्र मांडीवर उभं धरलं होतं. धक्का लागू नये म्हणून दोन्ही हातांनी, अगदी तान्ह्या बाळाला धरावं तसं. कौलारू घर, अंगण, तुळशीवृंदावन, दारात रांगोळी घालणारी बाई. नव्या संकुलातल्या एका बैठकीच्या खोलीसाठी सांगून करून घेतलेलं चित्र होतं ते.

पोचायला साडेआठ झाले. घरातल्या बाईंनी चित्र भिंतीला लावून पाहिलं. "छान झालंय हो," म्हणाल्या. मग जरा मागे सरकून म्हणाल्या, "पण सोफ्याला रंग मॅच होत नाहीये. असं करू या, हजार देते." ठरले होते पंधराशे. वहिनी गप्प. मी काही बोलणार, तेवढ्यात त्या बाईच हसून म्हणाल्या, "अहो, घरबसल्याच तर करता ना तुम्ही? तेवढाच वेळ जातो!"

परत येताना वहिनी एवढंच म्हणाल्या, "जाऊ द्या ताई, चित्र त्यांच्या घरी लागलं ना."

मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. कॅनव्हास साडेचारशे, रंग तीनशे ऐंशी, वॉर्निश वगैरे एकशेवीस, दोन्ही वेळचं रिक्षाभाडं दोनशे. झाले साडेअकराशे. म्हणजे वहिनींनी पदरचे दीडशे रुपये घालून चित्र दिलं. आणि पूर्ण पंधराशे मिळाले असते तरी काय? साडेतीनशे सुटले असते. चित्राला लागले होते नऊ दिवस. दिवसाला चाळीस रुपयेसुद्धा नाहीत!

आणि मैत्रिणींनो, हा पंधराशेचा भाव ठरवला होता कोणी? मीच. त्या बाईंना नावं ठेवणं सोपं होतं, पण 'घरबसल्या काम आहे, मिळतील ते आपले' हे माझ्याही मनात होतंच की.

आमचा बायकांचा गट २०२० च्या टाळेबंदीत जमला. शीळ, डायघर, दिवा, डोंबिवली अशा आजूबाजूच्या बायका. कुणाच्या घरातला पगार थांबलेला, कुणाची शिकवणी बंद पडलेली. कुणी दारावरच्या नावाच्या पाट्या रंगवायची, कुणी रुखवत करायची, कुणी अंतरपाटावर चित्र काढायची. फोनवर एक ग्रुप केला, त्यात कामाचे फोटो टाकायचे आणि ओळखीपाळखीतून ऑर्डर यायची. सगळं विश्वासावर. विश्वासावर चाललेल्या गोष्टीला नियम लागत नाहीत असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, विश्वास टिकवायचा असेल तर नियम आधी हवेत.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर एकाच ताटातलं वाढल्यासारखं होईल. आमच्यातल्याच एकीनं गणपतीच्या मखरामागचा पडदा रंगवायला दोन हजार आगाऊ घेतले. हातात आधीच चार कामं होती, तरी नाही म्हणवेना. हरतालिकेच्या रात्री त्या कुटुंबाला फोन गेला, "नाही झालं हो." त्या घरी गणपती साध्या चादरीपुढे बसले. पैसे आम्ही परत केले, पण त्या घरातल्या आजींची मान काही माझ्याकडे वळली नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मग आम्ही वहिनींच्या घरी बसलो, पोहे खाल्ले आणि वहीत नियम लिहिले. ते काही फार मोठे नाहीत. सामानाचा खर्च वेगळा लिहायचा, कामाचे तास वेगळे लिहायचे आणि तासाला निदान घरकाम करणाऱ्या बाईला आपण जे देतो तेवढं तरी धरायचं. निम्मी रक्कम आगाऊ घ्यायची. रंग लावण्याआधी पेन्सिलीचं कच्चं रेखाटन आणि रंगांचा नमुना फोटो काढून पाठवायचा आणि "चालेल" असा निरोप आला की मगच ब्रश बुडवायचा. दोन बदल बिनपैशाचे, तिसऱ्याला पैसे. देण्याची तारीख अशी सांगायची की मुलाला ताप आला तरी पाळता येईल. सणाची ऑर्डर आठ दिवस आधी द्यायची. आणि जमत नसेल तर सरळ नाही म्हणायचं. बायकांना हे शेवटचंच सगळ्यात जड जातं!

पैशांच्या बाबतीत एक अगदी महत्त्वाचं. आमच्या एका मुलीला फोन आला, "मी फौजी आहे, पन्नास नावाच्या पाट्या हव्यात, आगाऊ पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका." तिनं टाकला आणि खात्यातले चार हजार गेले. लक्षात ठेवा, यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे देताना. असं काही झालंच तर लाजून घरात बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितकं लवकर कराल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. तसंच, छोट्या उद्योगाची 'उद्यम' नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. ती करून देतो म्हणून हजार रुपये मागणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका.

मग चित्र कुणाचं, हा प्रश्न आला. एकीनं काढलेला मोर एका दुकानदारानं पिशव्यांवर छापला. ती म्हणाली, "माझं चित्र आहे, मला विचारलं का?" आम्ही एका वकीलताईंना विचारलं तेव्हा डोळेच उघडले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात साधारणपणे चित्राचा हक्क काढणाऱ्याचा असतो. पण कलम १७ सांगतं की पैसे देऊन कुणी सांगून चित्र काढून घेतलं आणि दोघांत वेगळं काही ठरलेलं नसलं, तर तो हक्क काढून घेणाऱ्याचा! चित्र मी काढलं असं सांगण्याचा अधिकार मात्र चित्रकाराकडे राहतो, तो कलम ५७ मधला. म्हणून आता आमच्या ऑर्डरच्या निरोपात एक ओळ असतेच: 'चित्र घरात लावण्यासाठी दिले आहे, छापण्याचा हक्क चित्रकाराकडे राहील.' ही ओळ आधी लिहायची, समोरच्याचं 'मान्य' आलं पाहिजे. भांडण झाल्यावर लिहून काय उपयोग?

हे सगळं शिकून आम्ही जरा ताठ मानेनं डोंबिवलीत एका प्रदर्शनात टेबल मांडलं. सगळ्यात जास्त खपत होती ती वारली चित्रं. गेरू रंगावर पांढरी माणसं, तारपा, लग्नाचा चौक. आमच्यातल्या कुणीही वारली नाही. दुपारी एक बाई टेबलापाशी येऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. डहाणूकडच्या पाड्यावरच्या होत्या, मुलीकडे आल्या होत्या. चौकाच्या चित्रावर बोट ठेवून हळूच म्हणाल्या, "बाई, चौकात देवी कुठंय?"

आमच्या मुलींनी चौक छान सजवला होता, आत जागा उरली म्हणून मोर काढला होता. वारल्यांच्या लग्नात चौक काढतात तो पालघट देवीसाठी. घरातल्या सुवासिनी तांदळाच्या पिठानं भिंतीवर तो काढतात, धवलेरी गाणी म्हणते, आणि त्या चौकाशिवाय लग्न लागत नाही. आम्ही देवीच गाळली होती. टेबलावर चारशे रुपयांची चिठ्ठी लावून!

त्यानंतर मी थोडं वाचलं, विचारलं. ही कला मुळात बायकांची. १९७० च्या दशकात ती भिंतीवरून कागदावर आली, बाजारात आली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांचं मोठेपण आहेच. पण बाजार आला तसं नाव झालं ते बहुतेक पुरुषांचं. चौक काढणाऱ्या सुवासिनींची नावं आपल्यापैकी किती जणींना सांगता येतील? मला एकही येत नव्हतं. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते ही कला कुणाची आहे हे सांगण्यासाठीच. आपल्या कामाला कुणी कमी लेखलं की आपल्याला किती लागतं! आणि आपणच दुसऱ्यांची देवी गाळून स्वस्तात विकत होतो.

गटात यावरून वाद झाला. एक म्हणाली, "ताई, मग आम्ही पोट कसं भरायचं?" प्रश्न खोटा नव्हता. शेवटी असं ठरलं की लग्नाचा चौक आणि देवाची चित्रं आम्ही विकायची नाहीत. साधी नक्षी काढली तर 'वारली शैलीत' असं स्पष्ट लिहायचं. आणि कुणाला खरं वारली चित्र हवं असेल तर ती ऑर्डर डहाणूकडच्या कलाकारांकडे पाठवायची, मध्ये आपलं कमिशन न ठेवता. दोघीजणी नाराज होऊन गट सोडून गेल्या. त्याचं वाईट वाटतं. पण निर्णय बदलावासा वाटत नाही.

परवा वहिनींना पुन्हा तसंच तुळशीवृंदावनाचं काम आलं. या वेळी त्यांनी माझ्याकडे न बघता स्वतःच भाव सांगितला, साडेचार हजार. पलीकडून "जास्त होतात" असा निरोप आला. वहिनींनी उत्तर लिहिलं, "नऊ दिवस लागतात." एवढंच. अर्ध्या तासानं आगाऊ रक्कम जमा झाली.

चित्र पूर्ण झाल्यावर मी बघायला गेले. वहिनी ते पालथं घालून मागच्या बाजूला काहीतरी लिहीत होत्या. वाकून पाहिलं तर स्वतःचं नाव. आडनावासकट, तारखेसकट. पुसत म्हणाल्या, "अक्षर जरा वाकडं आलंय हो ताई." मी म्हटलं, "असू दे वहिनी. पुसू नका."